घरातील वायफाय राउटर : जोडणीनंतर उरणारे काम

रायपूर : घरात फायबरची जोडणी देण्यासाठी आलेला तंत्रज्ञ राउटरवरील दिवे हिरवे झाले आणि एखाद्या मोबाइलवर चित्रफीत चालू लागली की निघून जातो. ग्राहकाच्या दृष्टीने काम तेथे पूर्ण होते. प्रत्यक्षात राउटर कोठे ठेवावा, वायफायचा पासवर्ड कसा असावा, यंत्राच्या व्यवस्थापनाची किल्ली कोणाकडे असावी आणि पाहुण्यांना किती प्रवेश द्यावा, हे निर्णय त्यानंतरच घ्यावे लागतात. ते न घेतल्याचे परिणाम मागच्या खोलीत वायफाय न पोहोचण्यापासून पोलीस दारात उभे राहण्यापर्यंत काहीही असू शकतात.

छत्तीसगडची राजधानी असलेल्या रायपूरमध्ये घरगुती इंटरनेट ही आता चैनीची गोष्ट राहिलेली नाही. टाळेबंदीच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये, राज्य सरकारने ‘पढई तुंहर दुआर’ ही ऑनलाइन शिक्षणाची योजना सुरू केली, तेव्हा शाळाच घराच्या उंबऱ्यावर आली. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात वसलेल्या मराठी कुटुंबांतही मुले पुणे, बंगळूर किंवा परदेशात आणि आई-वडील रायपुरात, हे चित्र नेहमीचे झाले आहे. अशा घरांत दररोज संध्याकाळी होणारा व्हिडिओ कॉल राउटरवरच अवलंबून असतो.

राउटरचे काम दुहेरी असते. बाहेरून आलेली एकच जोडणी तो घरातील अनेक उपकरणांत वाटतो आणि प्रत्येकाला घरापुरता अंतर्गत पत्ता देतो. १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होणारे हे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. जगातील लाखो घरांत तेच आकडे असतात आणि तरीही गोंधळ होत नाही. बाहेरच्या जगाला मात्र घरातील मोबाइल, दूरचित्रवाणी संच आणि लॅपटॉप वेगवेगळे दिसत नाहीत. दिसते ती एकच जोडणी, आणि ती ज्याच्या नावावर आहे तो ग्राहक. पुढील बहुतेक खबरदारीचे कारण या एका बाबीत आहे.

जागा आणि उष्णता

फायबरची तार बहुधा रस्त्याकडील खिडकीतून आत येते आणि राउटरही तेथेच, पडद्यामागे किंवा दूरचित्रवाणी संचाच्या कपाटात बसवला जातो. तंत्रज्ञाला ते सोयीचे असते, घराला नव्हे. मोकळ्या जागेतही अंतर दुप्पट झाले की लहरींची शक्ती एक चतुर्थांश उरते. भिंती आल्या की ती आणखी घटते. तात्यापारा, ब्राह्मणपारा, पुरानी बस्ती या जुन्या भागांतील जाड भिंतींच्या घरांत पुढच्या खोलीतील राउटर मागच्या स्वयंपाकघरापर्यंत क्वचितच पोहोचतो. नव्या वसाहतींतील सदनिकांत भिंती पातळ असल्या तरी सिमेंट-काँक्रीटमधील लोखंडी सळ्या अडथळा आणतात. लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि पाण्याने भरलेला कूलर हे रायपूरच्या घरातील वायफायचे तीन नेहमीचे शत्रू म्हणता येतील. पत्रा आणि आरशामागील धातूचा लेप लहरी परतवतात, तर पाणी त्या शोषून घेते. घराच्या साधारण मध्यभागी, उघड्या फळीवर, जमिनीपासून पाच-सहा फूट उंचीवर ठेवलेला राउटर हा यावरचा पहिला आणि बिनखर्चाचा उपाय आहे. त्यासाठी तार काही मीटर लांब घ्यावी लागली तरी चालते; मात्र फायबर काटकोनात दुमडू नये, कारण तीव्र वळणावर प्रकाश बाहेर निसटतो आणि यंत्रावर लाल दिवा लागतो.

येथे हवामानाचाही विचार करावा लागतो. बहुसंख्य घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात ० ते ४० अंश सेल्सिअस ही कार्यमर्यादा दिलेली असते. रायपुरात मे महिन्यात, विशेषतः नौतपाच्या दिवसांत, बाहेरचा पाराच ही मर्यादा ओलांडतो. बंद कपाटात, सेटटॉप बॉक्सच्या पाठीवर ठेवलेला राउटर दुपारी अडखळतो आणि रात्री आपोआप सुधारतो, तेव्हा दोष कंपनीच्या सेवेचा नसून उष्णतेचा असण्याची शक्यता अधिक. राउटर थंड खोलीत हलवून दोन दिवस पाहिल्यानंतरच तक्रार नोंदवणे शहाणपणाचे ठरते.

पावसाळ्यापूर्वीचे अंधड आणि विजांचा कडकडाट ही दुसरी अडचण. काचेचा तंतू वीज वाहून नेत नाही. पण इमारतीच्या जिन्यातील पेटीतून तांब्याची केबल घरात आणलेली असेल तर तिच्यातून आलेला झटका राउटर जाळू शकतो. वादळात अॅडॅप्टरबरोबर ही केबलही काढून ठेवावी. वीज गेल्यावर जोडणी चालू राहावी यासाठी १२ व्होल्टचे छोटे यूपीएस मिळतात. फायबर ज्यात येते ते यंत्र आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोघांनाही त्याचा पुरवठा द्यावा लागतो, हे अनेकदा विसरले जाते.

दोन पट्टे आणि डब्यावरील आकडा

घरगुती राउटर मुख्यतः २.४ आणि ५ गीगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांत काम करतात. भारतात २.४ गीगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. ५ गीगाहर्ट्झमध्ये आधी घराच्या आतील वापरास मोकळीक होती, ती ऑक्टोबर २०१८ मध्ये बरीच विस्तारली. ६ गीगाहर्ट्झ पट्ट्याच्या खालच्या भागासाठी दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये मसुदा नियम प्रसिद्ध केले. पहिला पट्टा भिंतीपलीकडे अधिक पोहोचतो, परंतु त्यात गर्दी फार असते. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन, सारे तेथेच असतात. त्यात एकमेकांवर न चढणारे मार्ग १, ६ आणि ११ हे तीनच मानले जातात. सदनिकांच्या इमारतीत यांपैकी सर्वांत मोकळा मार्ग निवडल्यास फरक जाणवतो. ५ गीगाहर्ट्झचा वेग जास्त, पल्ला कमी. दूरचित्रवाणी संच आणि लॅपटॉप दुसऱ्यावर, दारावरची घंटा किंवा लांबचा कॅमेरा पहिल्यावर, अशी विभागणी व्यवहारात सोयीची ठरते.

राउटरच्या डब्यावरील आकड्याने हुरळून जाण्याचे कारण नाही. ‘एएक्स १५००’ म्हणजे एका पट्ट्यावरील ३०० आणि दुसऱ्यावरील १,२०१ मेगाबिट यांची बेरीज होय. एकाच मोबाइलला तो वेग मिळत नाही. १०० मेगाबिटच्या योजनेत फाइल सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट वेगाने उतरते, कारण एका बाइटमध्ये आठ बिट असतात. २०० मेगाबिटची योजना घेऊनही वेग ९४-९५ च्या पुढे जात नसेल, तर राउटरचे पोर्ट जुन्या १०० मेगाबिट क्षमतेचे आहे किंवा केबलच्या आठपैकी चारच तारा जोडलेल्या आहेत, असे बहुधा आढळते. अशा घरात महागडी योजना घेणे व्यर्थ. मागच्या खोलीसाठी घेतला जाणारा स्वस्त रिपीटरही अनेकदा वेग निम्म्यावर आणतो. तेथवर केबल ओढून दुसरा राउटर बसवणे अधिक टिकाऊ असते.

किल्ल्या दोन, कुलपेही दोन

राउटरला दोन वेगळे पासवर्ड असतात आणि बहुतेक घरांना त्यांतील एकच ठाऊक असतो. वायफायचा पासवर्ड पाहुण्यालाही सांगितला जातो. दुसरा व्यवस्थापनाचा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा, यंत्राच्या तळाशी छापलेला पत्ता टाकल्यावर जे पान उघडते, त्याचे ते कुलूप. ते कारखान्यातून आले तसेच ठेवले तर काय होते हे २०१६ मध्ये जगाने पाहिले. ‘मिराई’ या घातक प्रणालीने सुमारे ६० ठरावीक नाव-पासवर्डच्या जोड्या वापरून कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले आणि त्यांच्या फौजेमुळे त्या वर्षी २१ ऑक्टोबर रोजी अनेक मोठी संकेतस्थळे तासन्‌तास विस्कळीत झाली. यंत्रांच्या मालकांना आपले उपकरण त्यात सामील असल्याचा पत्ताही नव्हता. त्यामुळे या पानावरचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा आणि बाहेरून व्यवस्थापन करण्याची सुविधा चालू असल्यास बंद करावी. पुरवठादाराने दिलेल्या राउटरमध्ये काही रकाने कुलूपबंद असतात. तेथे बदल करून देण्याची मागणी सेवा केंद्राकडे करता येते.

वायफायच्या पासवर्डबाबत भारतीय घरांची एक सवय मात्र खास घातक आहे. घरातील कर्त्या व्यक्तीचा मोबाइल क्रमांकच पासवर्ड म्हणून ठेवला जातो. दहा आकडे म्हणजे भक्कम कुलूप, असा समज त्यामागे असतो. हिशेब वेगळे सांगतो. भारतातील मोबाइल क्रमांक ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात. म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. जोडणीच्या क्षणी हवेतून जाणारी देवाणघेवाण एकदा टिपून घेतली की पुढचे अंदाज राउटरशी संपर्क न ठेवता, घरी बसून तपासता येतात. प्रगत ग्राफिक कार्ड डब्ल्यूपीए-२ पद्धतीचे असे अंदाज सेकंदाला सुमारे १० लाख या गतीने तपासते. ४०० कोटी शक्यता संपायला सुमारे ६७ मिनिटे पुरतात. ज्याला तो क्रमांक आधीच ठाऊक आहे अशा शेजाऱ्याला तर तेवढीही गरज नाही. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत जोडून केलेला, वीसहून अधिक अक्षरांचा पासवर्ड लक्षात ठेवण्यास सोपा आणि फोडण्यास कितीतरी कठीण असतो. ८ ते ६३ अक्षरांची मुभा त्यासाठीच आहे.

कूटलेखनाच्या यादीत डब्ल्यूपीए-३ दिसत असेल तर ते, अन्यथा डब्ल्यूपीए-२ (एईएस) निवडावे. जुने डब्ल्यूईपी २००१ मध्येच कमकुवत सिद्ध झाले आणि २००७ मध्ये जर्मनीतील डार्मस्टाट तंत्र विद्यापीठाच्या संशोधकांनी ते एका मिनिटाच्या आत फोडून दाखवले. बटण दाबून किंवा पिन टाकून जोडणी देणारी डब्ल्यूपीएस सुविधाही बंद ठेवावी. तिची पिन आठ आकडी असली तरी राउटर तिचे दोन भाग वेगवेगळे तपासतो आणि शेवटचा आकडा केवळ पडताळणीचा असतो. परिणामी १० कोटींऐवजी केवळ ११ हजार प्रयत्न पुरतात, हे २०११ अखेरीस उघड झाले. वायफायचे नाव लपवल्याने संरक्षण मिळते ही समजूत निराधार आहे. त्या नावात घर क्रमांक किंवा आडनाव न घालणे एवढे पुरेसे.

सानपाड्याचा धडा

उघड्या वायफायची किंमत किती असू शकते, याचे देशातील सर्वांत गंभीर उदाहरण महाराष्ट्रातील आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना आलेल्या धमकीच्या ई-मेलचा माग काढत तपास यंत्रणा नवी मुंबईतील सानपाडा येथे राहणाऱ्या एका अमेरिकी नागरिकाच्या घरी पोहोचल्या. ई-मेल त्याच्या जोडणीवरून गेला होता. पाठवणारा तो नव्हता. त्याच्या वायफायचा दुसऱ्यांनीच वापर केल्याचा निष्कर्ष निघाला, पण तोवर त्याला चौकशीला सामोरे जावे लागले. पुढील दोन महिन्यांत अशाच प्रकारचे ई-मेल मुंबईतील एका महाविद्यालयाच्या आणि चेंबूरमधील एका कंपनीच्या जोडणीवरूनही गेले. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी रस्त्यावर उतरून असुरक्षित वायफाय शोधण्यास सुरुवात केली. फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने सेवा पुरवठादारांना ग्राहकांचे वायफाय सुरक्षित करण्याविषयी सूचना दिल्या.

परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये शिरणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली येते. अप्रामाणिक हेतू सिद्ध झाल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मात्र चौकशीची सुरुवात जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याच्यापासूनच होते. वरच्या मजल्यावर भाडेकरू ठेवून एकच जोडणी वाटून घेण्याची पद्धत असलेल्या घरांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. अशा ठिकाणी राउटरमधील ‘गेस्ट नेटवर्क’ वेगळ्या पासवर्डने चालू करणे उचित असते. त्यावरून इंटरनेट मिळते, पण घरातील संगणक, प्रिंटर आणि कॅमेरे दिसत नाहीत. तरीही बाहेरच्या जगासाठी जोडणी एकच राहते. भाडेकरूने स्वतःच्या नावे वेगळी जोडणी घेणे हाच निर्दोष मार्ग.

राउटरच्या अंतर्गत प्रणालीचे अद्यतन वर्षातून दोन-तीनदा तपासावे. निर्मात्याने अद्यतने देणे थांबवलेला राउटर चालू असला तरी बदलण्याच्या लायकीचा समजावा. व्यवस्थापन पानावरील जोडलेल्या उपकरणांची यादी अधूनमधून पाहिली की अनोळखी नाव लगेच नजरेस येते. उपकरणात घातक प्रणाली शिरल्याचा संशय असल्यास केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची साधने विनामूल्य उपलब्ध आहेत. पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे.

जुना राउटर भंगारात किंवा ओळखीच्याला देताना त्याच्या मागील बारीक छिद्रातील बटण सुमारे दहा सेकंद दाबून ठेवून तो कारखान्यातील मूळ स्थितीत आणावा. घराचा वायफाय पासवर्ड आणि अनेकदा पुरवठादाराने दिलेले खाते व त्याचा पासवर्डही, वीज काढल्यानंतर त्या यंत्रात तसेच जपलेले असतात.