छत्तीसगडच्या खेड्यातला उपग्रह

अंतराळशास्त्रज्ञ एकनाथ चिटणीस शंभरी पूर्ण करून ऑक्टोबर २०२५ मध्ये पुण्यात वारले. मूळचे कोल्हापूरचे. त्यांच्यावर जे लिहून आलं त्यात थुंबा होतं, श्रीहरिकोटा होतं, रॉकेटतळासाठी जागा शोधत किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडणं होतं. सगळं बरोबर. पण मला विचाराल तर छत्तीसगडच्या माणसाने त्यांची आठवण काढायची ती 'साइट'साठी. उपग्रहावरून थेट खेड्यात टीव्ही दाखवण्याचा तो प्रयोग १९७५-७६ मध्ये झाला, चिटणीस त्याचे कार्यक्रम व्यवस्थापक होते, आणि प्रयोगासाठी निवडलेल्या सहा ठिकाणांत एक आमचं रायपूर होतं.

मी आता नवा रायपूरला राहते. मंत्रालय २०१२ मध्ये इकडे आलं, राखी, उपरवारा, कयाबांधा ही गावं रुंद रस्त्यांच्या नकाशात शिरली, आणि इथल्या शाळांतली मुलं चांद्रयानाची चित्रं सफाईने काढतात. त्यांना मी सांगते की अंतराळाशी या मुलखाचा संबंध पन्नास वर्षांचा आहे, तर ती माझ्याकडे संशयाने बघतात. त्यांचा दोष नाही. अभनपूरच्या पलीकडे ज्या खेड्यात माझे बाबा प्राथमिक शाळेत मास्तर होते, तिथेही आता हे कुणाला ठाऊक नसतं.

भारताचा अंतराळ कार्यक्रम उभा करणाऱ्या विक्रम साराभाईंचं म्हणणं साधं होतं. एकेक मनोरा उभारत खेड्यापर्यंत टीव्ही न्यायला पिढ्या जातील. त्यापेक्षा एकच मनोरा ३६,००० किलोमीटर उंच उभा करा. अमेरिकेच्या नासाशी सप्टेंबर १९६९ मध्ये करार झाला. पुढे सव्वादोन वर्षांत साराभाई गेले, पण काम थांबलं नाही. एटीएस-६ हा नासाचा उपग्रह मे १९७४ मध्ये सुटला, वर्षभर अमेरिकेच्या कामी आला आणि मग पूर्व आफ्रिकेच्या डोक्यावर, ३५ अंश पूर्व रेखांशावर आणून ठेवला गेला. त्याचा अँटेना नऊ मीटर व्यासाचा होता, अंतराळात गेल्यावर उघडणारा. उपग्रहाचा आवाज इतका मोठा, म्हणून खाली कान लहान असला तरी चालणार होता. सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत जी छत्री बसली ती दहा फुटांची, आणि तिला चक्क कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी होती. भारतातच बनवलेली. या प्रयोगातली सगळ्यात हुशार वस्तू कोणती म्हणाल, तर मी उपग्रहाचं नाव घेणार नाही, त्या जाळीचं घेईन.

१ ऑगस्ट १९७५ ला अहमदाबादहून इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. आणीबाणी लागून पाच आठवडे झाले होते, हेही लक्षात ठेवायला हवं. सरकारला खेड्याच्या ओसरीवर बोलायला तोंड मिळालं होतं. पण गंमत अशी की त्या दिवशी कलकत्ता आणि मद्रासमध्येही टीव्ही नव्हता, तो त्याच महिन्यात आमच्या मागून आला. नागपूर तर कुठल्या कुठे. आमचे नागपूरचे नातलग हे आजही मान्य करत नाहीत.

आमच्या शाळेच्या आवारात छत्री पश्चिमेकडे, किंचित दक्षिणेला तोंड करून बसवली होती, आणि बकऱ्या आत शिरू नयेत म्हणून भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण. टीव्हीच्या पेटीला कुलूप. किल्ली बाबांच्या जानव्याला. मी तेव्हा चौथीत होते. संध्याकाळी टेबल ओसरीत यायचं, बायका डाव्या बाजूला, पुरुष उजव्या, आणि पाऊस भुरभुरत असला की शेतकरी डोक्यावर खुमरी घालूनच बसायचे. खुमरी म्हणजे बांबूची भली रुंद टोपी. पुढच्याने घातली की मागच्या चौघांना काळोख. मग ओरडा व्हायचा, बाबा उठायचे, खुमऱ्या उतरायच्या, आणि पाऊस वाढला की हळूच परत चढायच्या. रोज वाटेत कुणी ना कुणी विचारायचंच, "गुरुजी, आज का देखाही?"

दाखवायचे ते असं. सकाळी दीड तास शाळेसाठी. हिंदी, उडिया, तेलुगू, कन्नड अशा चार भाषांना साडेबावीस-साडेबावीस मिनिटं. संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी, त्यात अर्धा तास सगळ्या देशाला मिळून हिंदीत. उडिया सुरू झालं तरी आमचे लोक उठत नसत. आरोग्य, कुटुंबनियोजन, लोकनृत्यं, शेती, सगळं सारख्याच भक्तिभावाने बघत. शेतीवर मात्र शेरे पडायचे. हिंदीतला एकच कार्यक्रम राजस्थान, बिहार आणि मध्य प्रदेश (आम्ही तेव्हा त्यातच होतो), तिघांसाठी. बाजरीची निगा कशी राखावी हे आमच्याकडे कोण ऐकणार? आमचा धानाचा मुलूख. इथे बियासी करतात, म्हणजे फेकून पेरलेलं धान वीतभर वर आलं की उभ्या पिकातून नांगर फिरवतात. ते पडद्यावर कधी दिसलं असेल तर मला आठवत नाही.

नंतर जी मोजमापं झाली त्यांतही हेच निघालं. समाजशास्त्रज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ काही गावांत मुक्काम ठोकून बसले होते. आरोग्याची आणि कुटुंबनियोजनाची माहिती लोकांत वाढली, आणि ज्यांना आधी काहीच मिळत नव्हतं त्यांच्यात जास्त वाढली. त्यात बायका आल्या, अक्षरओळख नसलेले आले. शेतीच्या पद्धती जवळजवळ बदलल्या नाहीत. शाळेतली पटसंख्याही वाढली नाही. बाबांना हे शेवटचं फार लागलं. मला वाटतं, त्या अहवालांचा प्रामाणिकपणा हीच त्यांची किंमत आहे. सरकारी प्रयोगाने 'हे साधलं नाही' असं छापून सांगणं आपल्याकडे रोज घडत नाही.

प्रयोग एका वर्षाचाच होता, कारण उपग्रह उसना होता. शेवटच्या पंधरवड्यात, २० जुलै १९७६ ला, त्याच नासाचं व्हायकिंग-१ मंगळावर उतरलं. पहिलं छायाचित्र आलं ते त्याच्या स्वतःच्या पायाचं, दगडगोट्यांत टेकलेल्या. बाबांनी ती बातमी वर्गात वाचून दाखवली. २८ तारखेला त्याच्या हाताने माती उचलली, आणि पुढच्या दिवसांत त्या मातीला पोषक द्रव घालून पाहिला: आत कुणी जिवंत असेल तर खाईल, आणि वायू सोडेल. वायू निघाला! पण दुसऱ्या उपकरणाला त्या मातीत सेंद्रिय रेणू असल्याचा भरवशाचा पुरावा सापडेना. जिवाशिवाय नुसत्या रसायनांनीही वायू निघू शकतो, असं बहुतेकांचं मत पडलं, आणि २००८ मध्ये फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट सापडल्यावर त्या मताला जोर आला. वाद पुरता मिटलेला नाही. एकाच संस्थेची दोन यंत्रं त्या आठवड्यात कामाला होती. एक मंगळावर कुणी खातंपितं का ते तपासत होतं, दुसरं आमच्या बायकांना उलट्या-जुलाबात लेकराला मीठ-साखरेचं पाणी पाजा म्हणून सांगत होतं. मला लहानपणापासून दुसऱ्याचंच अप्रूप जास्त. आजही आहे.

३१ जुलैला प्रक्षेपण बंद झालं आणि एटीएस-६ परत पश्चिमेला निघून गेला. १९७७ मध्ये रायपूरला जमिनीवरचा मनोरा मिळाला. लोक खूश झाले, पण मनोऱ्याला वर्तुळ असतं. उपग्रहाला अभनपूर काय आणि ओडिशाच्या सीमेवरचं देवभोग काय, सारखंच. मनोऱ्याला देवभोग दिसतच नाही. मग १९८३ मध्ये आपला स्वतःचा इनसॅट-१बी आला, आणि खेड्यांसाठी, शाळांसाठी खास कार्यक्रम पुन्हा उपग्रहावरून सुरू झाले. त्याच योजनेतून पुण्यात बालचित्रवाणी उभी राहिली. या वेळी निवडलेल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. मध्य प्रदेश नव्हता.

बाबा तोवर निवृत्तीला आले होते. शाळेत छत्रीचा सांगाडा अजून होता. त्यांनी एका वरच्या कार्यालयाला हिंदीत लांबलचक पत्र लिहिलं: सामान गावात आहे, माणसं शिकलेली आहेत, छत्रीचं तोंड आफ्रिकेकडून काढून तेवढं वर करून द्या. नुसतं तोंड फिरवून भागलं नसतं. इनसॅटची लहर वेगळी होती, पेटी बदलावी लागली असती. पण हे तरी त्यांना कुणी कळवायचं!