आदिवासी आरोग्यशिक्षण साधने

आदिवासी समाजांत आरोग्याची माहिती पोचवण्यासाठी वापरली जाणारी माणसे, उपकरणे, चित्रे, पुस्तिका, सभा आणि शिबिरे यांना मिळून ही संज्ञा वापरतात. २०११च्या जनगणनेनुसार भारतात अनुसूचित जमातींची लोकसंख्या १०.४ कोटी, म्हणजे ८.६ टक्के आहे. मराठी मुलखात या साधनांचा सर्वांत सलग आणि तपासून पाहिलेला प्रयोग गडचिरोली जिल्ह्यात झाला. प्रस्तुत नोंदीचा भर त्यावर आहे.

सरकारी आरोग्यशिक्षण वर्षानुवर्षे छापील भित्तिचित्रावर उभे होते. प्रमाण मराठीतला मजकूर, शहरी घरातली आई, ताटात सफरचंद. हे चित्र प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लागले की शिक्षण झाले, असा एक सोयीस्कर समज होता. पण गडचिरोलीच्या भामरागड-एटापल्लीकडची माडिया आदिवासी बाई घरात माडिया बोली बोलते. तिच्या आहारात मोह, चारोळी, तेंदू आणि रानभाज्या असतात. माडियाशी जवळचे नाते असलेली गोंडी ही द्राविडी कुळातली भाषा. २०११च्या गणनेत तिचे भाषक २९ लाखांवर होते, पण ते अनेक राज्यांत विभागलेले. महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहितात, तेलंगणात तेलुगू लिपीत. आठव्या अनुसूचीत तिला जागा नाही. त्यामुळे एका ठिकाणी छापलेली पुस्तिका शेजारच्या राज्यातल्या गोंडांच्या उपयोगी पडेलच असे नसते.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. बालमृत्यूंमध्ये न्यूमोनियाचा वाटा मोठा होता आणि तो ओळखण्याची सोपी खूण म्हणजे श्वासाची गती. दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला ६०, वर्षापर्यंत ५० आणि पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास हा धोका मानतात. अडचण अशी, की गावात बाळापर्यंत सर्वांत आधी पोचणारी दाई निरक्षर; पन्नास-साठपर्यंत मोजणे तिच्या सवयीचे नाही, आणि हातात घड्याळही नाही. त्यावर तयार झाला श्वासमापक. एका चौकटीत मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि शेजारी तारेत ओवलेले मणी. घड्याळ उलटे करायचे, बाळाच्या पोटाकडे पाहत दहा श्वास मोजायचे आणि एक मणी सरकवायचा. पुन्हा दहा, पुन्हा मणी. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली तर औषध सुरू करायचे. वयानुसार मण्यांची ओळ वेगळी. दाईला आकडे शिकवण्याऐवजी तिला जेवढे मोजता येते तेवढ्यावर उपकरण बेतले, यात या कामाची सगळी रीत दिसते. दाया आणि गावातले प्रशिक्षित कार्यकर्ते यांनी को-ट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक देऊन केलेल्या उपचाराचे निष्कर्ष १९९०मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले: पाच वर्षांखालील मुलांमधले न्यूमोनियाचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ५४ टक्के कमी होते. ही गावे निव्वळ आदिवासी नव्हती, आदिवासी आणि बिगरआदिवासी अशी मिसळ होती. हे अनेकदा सांगायचे राहून जाते.

पुढचा टप्पा नवजात बाळांचा. १९९५ पासून ३९ गावांत ‘आरोग्यदूत’ म्हणून गावातल्याच बायका निवडल्या गेल्या. त्यांच्या पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर, बाळाला गुंडाळायची ऊबदार पिशवी, गुदमरलेल्या बाळासाठी श्वास देण्याचे साधन आणि जंतुसंसर्गावरचे इंजेक्शन असे. गरोदर बाई आणि तिची सासू यांच्याशी बोलणे हा कामाचा तितकाच मोठा भाग होता: बाळ जन्मल्याबरोबर न्हाऊ घालू नये, चीक फेकू नये, अंग थंड पडले तर छातीशी धरावे. तीन वर्षांत नवजात मृत्युदर हजारी ६२वरून २५वर आला. १९९९मध्ये हे प्रसिद्ध झाल्यावर गावातल्या बाईच्या हाती इंजेक्शन देण्यावर डॉक्टरांच्या जगात पुष्कळ वाद झाले. २०११मध्ये केंद्र सरकारने घरपोच नवजात सेवा ‘आशा’ कार्यकर्तीमार्फत देशभर लागू केली. दवाखान्यात बाळंतपण झाल्यास बेचाळीस दिवसांत सहा भेटी, घरी झाल्यास सात.

स्त्रियांच्या आजारांबाबत आरोग्यशिक्षणाआधी ऐकणे आले. वसा आणि अमिर्झा या दोन गावांत बंगांनी केलेल्या पाहणीत ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग आढळला. १९८९मध्ये हे जगापुढे येईपर्यंत ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढीच सरकारी समजूत होती. राणी बंग यांचे ‘कानोसा’ हे पुस्तक याच विषयावरचे. त्यांच्याच ‘गोईण’मध्ये झाडांशी असलेले आदिवासी बायकांचे नाते येते. आरोग्यकार्यकर्त्यासाठी दुसरे पुस्तकही पहिल्याइतकेच कामाचे आहे, कारण आहार आणि औषध या दोन्ही गोष्टी तिथे जंगलातून येतात. मुलामुलींसाठी ‘तारुण्यभान’ शिबिरे चालतात. पाळीच्या दिवसांत बाईने गावाबाहेरच्या कुर्माघरात राहण्याची माडिया-गोंड प्रथा अजून आहे. ती मोडा, असा उपदेश बाहेरून बराच झाला. अलीकडे काही गावांत कुर्माघरेच पक्की, पाण्या-संडासाची सोय असलेली बांधली गेली. प्रथा त्याने पक्की होते की बाई सुरक्षित होते, यावर एकमत नाही.

दवाखाना हेही आरोग्यशिक्षणाचे साधन असते, नकोसा असला तर उलटे. लोक सरकारी दवाखान्यात का येत नाहीत, असे बंगांनी गावकऱ्यांना विचारले. पांढरे कपडे आम्ही मेलेल्या माणसाला घालतो, तिथे तर सगळेच पांढऱ्या कपड्यांत. बोली कळत नाही. नातलगांना बाहेर काढतात, अशी उत्तरे आली. धानोरा तालुक्यात चातगावजवळ १९९३मध्ये शोधग्राम वसले, ते आदिवासी गावासारखे. तिथे रुग्णासोबत घरच्यांना राहता येते आणि दवाखान्याला लोकांनी सुचवलेले माँ दंतेश्वरीचे नाव आहे. ‘सर्च’च्या आरोग्य सभेत गावांचे प्रतिनिधी स्वतःचे प्रश्न क्रमाने मांडत. त्यात हिवताप वर आला आणि मच्छरदाणीचे काम त्यातून पुढे गेले. जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. २०१६मध्ये सुरू झालेले ‘मुक्तिपथ’ अभियान दारूबरोबर तंबाखूच्या खर्ऱ्याविरुद्धही गावसभांतून बोलते.

हेमलकसा येथील लोकबिरादरी प्रकल्प (१९७३) याहून जुना. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी आधी माडिया शिकून घेतली, मग उपचार रुजले. अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात कोरकू आदिवासींचा भूमका हा देवाचा माणूस आणि वैद्यही. पोटावर चटके देण्याचा अघोरी उपाय तिथे आजही बातम्यांत येतो. भूमक्याला शत्रू ठरवून काही साधले नाही. रुग्ण दवाखान्यात पाठवल्याबद्दल त्यालाच मानधन देण्याची तोड शासनाने काढली, ती अधिक शहाणपणाची. मेळघाटातल्याच धारणी तालुक्यात डॉ. आशिष सातव यांच्या ‘महान’ संस्थेने गावातल्या बायकांनाच कुपोषित मुलांच्या उपचाराचे शिक्षण दिले.

जगात या विषयाचा मापदंड डेव्हिड वर्नर यांचे डॉक्टरविना उपचार शिकवणारे पुस्तक ठरले. मेक्सिकोच्या डोंगराळ भागातल्या खेडुतांसाठी १९७०च्या दशकात ते आधी स्पॅनिशमध्ये निघाले. चित्रे भरपूर, भाषा बोलीची, आणि वाचणारा स्वतः उपचार करील हा विश्वास. भारतात अलीकडचे लक्षणीय साधन म्हणजे सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे कार्ड. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोलला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत तपासणीनंतर ते देतात. लग्नाळू मुलामुलींची कार्डे जुळवून पाहिली की होणाऱ्या मुलांना आजाराचा धोका किती, ते समजते. कुंडली जुळवणाऱ्या समाजाला हे पटकन कळते. मात्र कार्डामुळे मुलीचे लग्न मोडू नये, हे समजावणारे माणूस लागतेच.

मध्य प्रदेशातलेच दुसरे उदाहरण ग्वाल्हेरकडच्या सहरिया जमातीचे. घाटीगाव परिसरात, तसेच शिवपुरी आणि श्योपूर जिल्ह्यांत त्यांच्या वस्त्या आहेत आणि विशेष दुर्बल जमातींत त्यांची गणना होते. ते स्थानिक हिंदी बोलीच बोलतात, म्हणजे इथे भाषेचा अडसर गडचिरोलीइतका नाही. तरी त्यांच्यातले क्षयरोगाचे प्रमाण देशाच्या सरासरीच्या कित्येक पट असल्याचे पाहण्यांतून दिसले आहे. कुपोषण, दाटीची घरे, बिडीचा धूर आणि हंगामी स्थलांतर ही कारणे त्यात गुंतलेली आहेत. सहा महिन्यांचे औषध चालू असताना कुटुंब पीक काढायला परमुलखात जाते, तिथे कुठल्याही भित्तिचित्राचा उपयोग नसतो. मध्य प्रदेश सरकारने २०१७च्या अखेरीस बैगा, भारिया आणि सहरिया कुटुंबांतल्या स्त्रियांच्या खात्यात आहारासाठी दरमहा १,००० रुपये देणे सुरू केले. क्षयरुग्णाला केंद्राच्या निक्षय पोषण योजनेतून मिळणारी दरमहा ५०० रुपयांची मदत नोव्हेंबर २०२४ पासून दुप्पट झाली आहे.