ताम्हनाला कल्हई का नव्हती

जुन्या मराठी घरातली तांब्यापितळेची भांडी शेजारी शेजारी मांडली, तर त्यांचे सरळ दोन गट पडतात. पातेली, डबे, जेवणाची पितळी ताटे आतून पांढरी, त्यांना कल्हई. ताम्हन, पळी-पंचपात्र, घंगाळ आणि बंब मात्र उघडे, धातूच्या मूळ रंगाचे. कल्हई हा चकाकीचा सोस होता असे मानणाऱ्यांनी या विभागणीचे उत्तर द्यायला हवे. चकाकीच हवी असती तर देवापुढच्या ताम्हनाचा मान पहिला होता. तिथे तर उलट चिंच लावून तांबे घासून काढत. यावर कोणी म्हणेल की पूजेचे तांबे शुद्ध राहावे म्हणून त्यावर दुसरा धातू चढवत नसत. मग न्हाणीघरातल्या बंबाला कसले सोवळे? भेद सोवळ्याचा नव्हता. ज्या भांड्यात आमटी, ताक, कढी, सार जाई त्याला कल्हई लागे. ज्यात फक्त पाणी, त्याला नाही. अ‍ॅसिड आणि धातू यांच्या नात्याचा हा हिशेब आपल्या स्वयंपाकघराने प्रयोगशाळेशिवाय मांडला होता.

हिशेब बराच बारीकही होता. चिंचेतले टार्टारिक, ताकातले लॅक्टिक, लिंबातले सायट्रिक, कोकमातले हायड्रॉक्सीसिट्रिक ही सगळी सौम्य अ‍ॅसिडे. शुद्ध तांब्याला ती एकटी फारसे काही करू शकत नाहीत. पण हवेतला ऑक्सिजन तांब्यावर ऑक्साइडचा थर धरतो, तो थर अ‍ॅसिडात विरघळतो, खालचे तांबे पुन्हा उघडे पडते आणि चक्र चालू राहते. पितळेत जस्तही असते, ते त्याहून लवकर सुटते. या कामाला वेळ लागतो, म्हणून खरा धोका शिजवण्यापेक्षा ठेवण्यात. बिनकल्हईच्या पितळेत रात्रभर राहिलेले ताक सकाळी कळकते, हिरवट आणि तुरट होते, आणि ते फेकून देतात. लोणचे तर धातूच्या वाटेला जातच नसे; त्याची जागा चिनी मातीच्या बरणीत. ताम्हनाची चिंच आणि पातेल्याची कल्हई या परस्परविरोधी गोष्टी वाटतात, पण दोन्हींमागे एकच क्रिया आहे. काळपट थर विरघळवायला जे अ‍ॅसिड मुद्दाम लावायचे, तेच जेवणात तांबे विरघळवू नये म्हणून अडवायचे.

कल्हईवाल्याच्या कसबातही अ‍ॅसिडच मध्यस्थ होते, आणि मला या धंद्यातला हा सर्वांत देखणा भाग वाटतो. वाळू आणि चिंध्यांनी घासलेले भांडे तो भात्याच्या निखाऱ्यांवर तापवी आणि आत नवसागराची पूड टाकी. तापलेल्या नवसागरातून अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडची वाफ निघते. पांढरा धूर आणि नाकाला झोंबणारा वास यांतूनच येतो. ते अ‍ॅसिड धातूवरचा ऑक्साइड खाऊन टाकते. तसा स्वच्छ पृष्ठभाग मिळाल्याशिवाय कथील चिकटत नाही, मण्यांसारखे घरंगळत राहते. कथील २३२ अंश सेल्सिअसलाच वितळते, म्हणून रस्त्याकडेचा भाता पुरे. वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने भराभर फिरवायचे की झाले. घासण्याने आणि आंबटाने हा थर झिजे, म्हणून कल्हईवाला पुन्हा येई. पुण्याच्या तांबट आळीत घडलेले पातेले त्याच्या हातून गेल्याशिवाय आमटीला लायक ठरत नसे. पुढे कायद्यानेही हेच सांगितले: १९५५च्या अन्नभेसळ प्रतिबंध नियमांत, नीट कल्हई नसलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यात तयार केलेले अन्न खाण्यास अयोग्य ठरवले होते.

या परंपरेचे कौतुक करताना दोन आक्षेप टाळून चालणार नाही. पहिला शिशाचा. कथील महाग, शिसे स्वस्त, आणि भेसळ केलेली कल्हई नव्या नवलाईत खऱ्यासारखीच दिसते. चिंचेच्या आमटीत शिसे उतरले तर ते तांब्यासारखे चवीने चुगली करत नाही. हा दोष पद्धतीचा नव्हे, व्यापाराचा, असे म्हणून पहिला आक्षेप निम्मा तरी निभावता येतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो पुण्यातूनच आला. १९८३ साली ‘लॅन्सेट’मध्ये शीला भावे, आनंद पंडित आणि ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर यांच्या गटाचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. लहान मुलांचे यकृत निकामी करणारा ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस’ हा रोग आणि तान्हेपणीच पाजलेले तांबेमिश्रित वरचे दूध यांचा संबंध त्यात मांडला होता. हे दूध तांब्याच्या किंवा पितळेच्या भांड्यात तापवलेले, ठेवलेले असे. दूध आंबट नाही. पण त्यातले केसीन हे प्रथिन तांबे धरून ठेवते, आणि दूध ना हिरवे पडते, ना कळकते. जिभेवर उभारलेला नियम इथे आंधळा ठरला. आंबटापासून त्याने घर राखले, पण दुधाकडे त्याचे लक्षच गेले नाही. तांब्याच्या जोडीला अनुवंशिक कमजोरीही लागते का, हा वाद अभ्यासकांत राहिला. दुधाची भांडी बदलली तसा रोग मात्र ओसरत गेला.

भांडी बदलली ती मुख्यतः स्टेनलेस स्टीलमुळे. १९१३मध्ये शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने घडवलेल्या या पोलादात क्रोमियम असते. त्याचा अतिपातळ ऑक्साइड आपोआप धरतो, ओरखडा पडला तर पुन्हा भरून येतो, आणि चिंच-ताक त्याला जुमानत नाही. कल्हईवाल्याला दारोदार जाऊन जे करावे लागे ते हा धातू स्वतःच करतो. धंदा बुडण्याला दुसरे कारण शोधायची गरज नाही. आता तांब्याच्या बाटल्या पुन्हा बाजारात आल्या आहेत, बहुतेक बिनकल्हईच्या. पाण्यापुरत्या त्या जुन्या नियमात बसतात. त्यांत लिंबूपाणी भरून दिवसभर हिंडणारे मात्र त्या नियमाबाहेर जातात.