रोमेन द होखेच्या उपरोधिक अम्लरेखनांतील राजकीय प्रतीके

डच चित्रकार रोमेन द होखे (१६४५–१७०८) याने फ्रान्सचा राजा चौदावा लुई आणि इंग्लंडचा राजा दुसरा जेम्स यांच्यावर १६८८–९० च्या सुमारास केलेल्या चित्रांतील प्रतीकयोजना. बरोक काळातील राजकीय व्यंगचित्रांत ही चित्रे सर्वांत धारदार म्हणावी लागतील. तांब्याच्या पत्र्यावरील मेणात सुईने रेघा ओढून त्या आम्लाने खोदण्याची अम्लरेखन ही पद्धत छिन्नीच्या कोरीवकामापेक्षा जलद असते. त्यामुळे ताज्या घडामोडींवरचे चित्र लवकर बाजारात आणता येई.

१६८५ मध्ये लुईने नँटचे फर्मान रद्द केले आणि फ्रान्समधील प्रॉटेस्टंटांचे धर्मस्वातंत्र्य संपले. १६८८ मध्ये डच सत्ताधीश ऑरेंजचा विल्यम फौजेसह इंग्लंडात उतरला व जेम्स फ्रान्सला पळाला. पुढल्याच वर्षी फ्रेंच मदतीने तो आयर्लंडमध्ये गेला. द होखे हा विल्यमच्या बाजूचा चित्रकार. १६८९ च्या एका चित्रात लुई व जेम्स यांची डोकी एकाच टोपीत कोंबलेली आहेत: राजे दोन, मती एक. शीर्षकातच लुई हा ‘आर्लेकँ’, म्हणजे इटालियन लोकनाट्यातला ठिगळांच्या पोशाखाचा विदूषक असून तो जेझुइट या कॅथलिक संघाच्या ‘धर्मयुद्धा’ला निघाला आहे. आयर्लंडच्या मोहिमेवरील चित्रात जेम्स हा फ्रेंच लेखक राब्लेच्या कादंबरीतील भित्रा पानुर्ज आहे, तर लुई ‘आर्लेकँ देओदात’.

यातला ‘देओदात’, म्हणजे ‘देवदत्त’, हा शब्द वर्मी लागणारा आहे. आईवडिलांच्या लग्नानंतर २३ वर्षांनी जन्मल्यामुळे लुईला ‘देवदत्त’ हे नाव मिळाले होते. चौदाव्या वर्षी, १६५३ मध्ये, तो दरबारी नृत्यनाट्यात सूर्य होऊन नाचला आणि पुढे सूर्यच त्याचे राजचिन्ह झाले. द होखेने लुईला परके सोंग दिले नाही. राजा स्वतः ज्या रंगमंचावर उभा होता, तेथेच त्याचा पोशाख बदलला. या चित्रांची खरी ताकद येथे आहे.

मात्र याच चित्रमोहिमेत एका तान्ह्या मुलालाही लक्ष्य केले गेले. जून १६८८ मध्ये जन्मलेला जेम्सचा मुलगा राणीचा नसून बिछाना उबवण्याच्या भांड्यातून आत आणलेले गिरणीवाल्याचे पोर आहे, अशी अफवा होती. तत्कालीन चित्रांत त्याच्यासोबत दिसणारी खेळण्यातली पवनचक्की हे या अफवेचेच चिन्ह. जन्माच्या वेळी अनेक दरबारी हजर होते, तरी चक्की पुन्हा पुन्हा छापली गेली. गादीचा दावा आयुष्यभर सांगत तो राजपुत्र १७६६ मध्ये रोम येथे वारला.