आळीमिळी गुपचिळी : लंडनचे पोलीस आणि फ्रीमेसन

लंडनच्या पोलीस दलाचा इतिहास लिहिणाऱ्याला फ्रीमेसनांचा विषय टाळता येत नाही. आणि तो हाती घेतला, की पुरावा आणि आख्यायिका यांची सरमिसळ निस्तरावी लागते. अठराव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये संघटित झालेला हा बंधुसंघ मुंबईलाही अपरिचित नव्हता. १८४३ मध्ये जेम्स बर्न्स यांनी हिंदी सभासदांना प्रवेश देणारे ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज मुंबईत स्थापन केले होते. शपथ, चढत्या श्रेणी, ओळखीच्या खुणा आणि परस्परसाहाय्याचे वचन ही या संघाची अंगे. पोलीस खात्याकडे पाहिले तर तिथेही शपथ आहे, हुद्द्यांची उतरंड आहे आणि संकटात सोबत्याला एकटे न सोडण्याचा दंडक आहे. या साम्यातूनच संशय जन्माला येतो: ज्याने दोन शपथा घेतल्या, तो प्रसंगी कोणती पाळणार?

या संशयाचे सर्वांत गाजलेले रूप १८८८ मधले आहे. व्हाइटचॅपलमधील हत्यासत्राच्या काळात, ३० सप्टेंबरच्या पहाटे, गोल्स्टन स्ट्रीटवरील एका भिंतीवर खडूने लिहिलेला मजकूर आढळला. पोलीस आयुक्त सर चार्ल्स वॉरन यांनी त्याचे छायाचित्र निघण्याआधीच तो पुसायला लावला. वॉरन हे नामांकित फ्रीमेसन होते. पुढे १९७६ मध्ये स्टीफन नाइट या लेखकाने या दोन गोष्टींची सांगड घातली. मजकुरातील ‘ज्यू’ या अर्थाच्या शब्दाचे विचित्र वर्णलेखन मेसनांच्या पुराणकथेतील तीन मारेकऱ्यांकडे निर्देश करते, आणि आयुक्तांनी आपल्या बंधूंना वाचवले, असा त्याचा सिद्धान्त. कादंबरी म्हणून तो रोचक आहे. इतिहास म्हणून टिकत नाही. त्या मारेकऱ्यांची नावे इंग्लंडमधील विधीतून कितीतरी आधीच गळाली होती. मजकुराची नक्कल पोलिसांनी करून ठेवली होती. शिवाय वॉरन यांनी दिलेले कारण त्या वस्तीकडे पाहता पुरेसे पटण्याजोगे आहे: उजाडताच बाजार भरला असता आणि ज्यू रहिवाशांवर दंगल कोसळली असती. तरीही लोकांच्या स्मरणात उरले ते नाइटचेच कथानक. गुप्त संघटना ही कथेला फार सोयीची असते. तिचा इन्कारही तिच्याच अस्तित्वाचा पुरावा ठरतो.

आख्यायिका बाजूला सारली म्हणजे प्रश्न संपतो असे मात्र नाही. १९६९ च्या नोव्हेंबरमध्ये ‘द टाइम्स’ने लंडनच्या काही गुप्तहेर अधिकाऱ्यांची लाचखोरी ध्वनिमुद्रणांच्या आधारे उघड केली. या आरोपांच्या चौकशीत ज्यांच्याकडे महत्त्वाची सूत्रे सोपवली गेली, त्यांत बिल मूडी हे वरिष्ठ अधिकारी होते. हेच मूडी अश्लील साहित्याच्या व्यापाऱ्यांकडून नियमित पैसे घेत होते. १९७७ मध्ये त्यांना बारा वर्षांची शिक्षा झाली. मूडी फ्रीमेसन होते. पण ही साखळी बांधून ठेवायला लॉजची गरज होती का? पैसा होता, सामाईक अपराध होता आणि खात्याची अब्रू झाकण्याची सवय होती. लॉजने ओळखी वाढवल्या असतील. मौन खात्यानेच शिकवले होते.

वरिष्ठांना ही अडचण जाणवत होती. १९८४ मध्ये नाइटचे ‘द ब्रदरहुड’ हे पुस्तक आले. १९८५ मध्ये आयुक्त केनेथ न्यूमन यांच्या काळातील मार्गदर्शिकेने अधिकाऱ्यांना या संघापासून दूर राहण्याचा सल्ला दिला. त्यानंतर वर्षभरातच, १९८६ मध्ये, लंडनच्या पोलीस अधिकाऱ्यांनी ‘मॅनर ऑफ सेंट जेम्सेस’ हे स्वतःचे लॉज काढले! १९९७ मध्ये संसदेच्या गृहविषयक समितीने सभासदत्व जाहीर करावे अशी शिफारस केली, परंतु पोलिसांसाठीची नोंद ऐच्छिकच राहिली. ज्याला सांगायचे नव्हते, त्याने सांगितले नाही.

अशा शंकांना केवळ भ्रम म्हणता येणार नाही. १९८१ मध्ये इटलीत लिचो जेल्ली याच्या ताब्यातून ‘पी टू’ या लॉजची नऊशेहून अधिक नावांची यादी मिळाली. तीत गुप्तचर यंत्रणा आणि सशस्त्र दलांचे प्रमुख होते. तिथे संशयाला कागद मिळाला. लंडनमध्ये असा कागद मिळाला नाही, आणि जे मिळाले ते अधिक अस्वस्थ करणारे आहे.

१० मार्च १९८७ रोजी डॅनियल मॉर्गन या खासगी गुप्तहेराचा दक्षिण लंडनमध्ये कुऱ्हाडीने खून झाला. अनेक तपास झाले, कोणालाही शिक्षा झाली नाही. या प्रकरणाचा धांडोळा घेणाऱ्या स्वतंत्र मंडळाचा अहवाल जून २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासांत ठळक भूमिका असलेले दहा अधिकारी फ्रीमेसन होते, याची मंडळाने नोंद घेतली; त्यामुळे वारंवार अविश्वास निर्माण झाला, हेही सांगितले. मात्र खुनासाठी वा तपास बिघडवण्यासाठी मेसनांच्या संबंधांचा भ्रष्ट वापर झाल्याचा पुरावा त्याला दिसला नाही. मंडळाने ठपका ठेवला तो पोलीस दलावरच, आणि त्याला नाव दिले ‘संस्थात्मक भ्रष्टाचार’: लोकांपुढील प्रतिमा राखण्यासाठी स्वतःच्या चुका लपवणे, नाकारणे.

या दोन निष्कर्षांचा एकत्र विचार केला पाहिजे. एका कुटुंबाला तीन दशकांहून अधिक काळ न्याय मिळाला नाही, आणि त्यासाठी कोणत्याही गुप्त विधीची आवश्यकता भासली नाही. ‘आपल्या माणसाला सांभाळून घ्यावे’ हा अलिखित नियम पुरेसा होता. फ्रीमेसनांवर सारा दोष टाकणारी कथा या नियमाला एका अर्थी वाचवतेच. कारण ती सांगते की रोग बाहेरून आला.

डिसेंबर २०२५ मध्ये लंडनच्या पोलीस दलाने अशा संघटनांचे सभासदत्व वरिष्ठांना कळवणे बंधनकारक केले. पाऊल योग्यच आहे; तपास करणारा आणि ज्याचा तपास होतो तो एकाच शपथेने बांधलेले आहेत का, हे कोणाला तरी ठाऊक असायला हवे. पण लॉजचे सभासद मोजता येतात. ज्या बंधुसंघाचे सभासदत्व गणवेशाबरोबरच मिळते, त्याची नोंदवही ठेवता येत नाही. आणि मॉर्गन प्रकरणातले मौन त्याच संघाचे होते.