तबकडीवर न छापलेली नावं : ‘सार्जंट पेपर’च्या घडणीचा इतिहास



विषय वाचून तुमच्यापैकी काहींच्या भुवया वर गेल्या असणार, हे आम्ही गृहीत धरलंय. जन्मभर न्याय-वैशेषिक आणि कांट शिकवणाऱ्या माणसानं उतारवयात रॉक बँडच्या अल्बमवर बोलावं, हे तसं चमत्कारिकच. पण आम्ही कॉलेजात होतो त्याच काळात ही तबकडी निघाली. वसतिगृहातल्या एका सधन मित्राकडे ती होती, आणि तेव्हा ती ऐकून आम्हाला काडीचंही कळलं नव्हतं. कळलं नव्हतं म्हणून ती डोक्यात राहिली. जे कळतं ते आपण विसरतो, बरं का.

तर, बीटल्सचा ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’. इंग्लंडमध्ये मे १९६७ च्या शेवटी तो दुकानात आला. आज आपल्याला तो कसा घडला हे पाहायचं आहे, चांगला की वाईट हे नाही.

सुरुवात थोडी मागून करू. ११ फेब्रुवारी १९६३. लंडनच्या ॲबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत चार पोरं सकाळी शिरली आणि रात्री बाहेर पडली. तेवढ्या वेळात पहिल्या अल्बमची दहा गाणी मुद्रित झाली. लेननला सर्दी झालेली, घसा बसत चाललेला. म्हणून सगळ्यांत ओरडायचं गाणं अगदी शेवटी घेतलं. म्हणजे काय झालं? जलशात वाजवायचे तेच स्टुडिओत वाजवलं. तबकडी ही जलशाची नक्कल होती, छायाचित्रासारखी. आपल्याकडेही हेच होतं. खाँसाहेबांनी तीन मिनिटांत राग आवरायचा, पण गायचं ते मैफलीतलंच. मूळ वस्तू मैफल, तबकडी तिची सावली.

आता साडेतीन वर्षं पुढे या. २९ ऑगस्ट १९६६, सॅन फ्रान्सिस्को, कँडलस्टिक पार्क. बीटल्सचा शेवटचा जाहीर तिकिटांचा कार्यक्रम. प्रेक्षकांच्या किंकाळ्यांत त्यांना स्वतःचं वाजवलेलं ऐकू येत नसे. आणखी एक गंमत बघा. त्याच महिन्यात त्यांचा ‘रिव्हॉल्व्हर’ हा नवा अल्बम निघालेला, आणि त्यातलं एकही गाणं त्या दौऱ्यात त्यांनी वाजवलं नाही. वाजवणार कसं? त्यात उलट्या फिरवलेल्या फिती होत्या, सतार होती, तबला होता. सावली मूळ वस्तूपेक्षा मोठी झाली होती. मग त्यांनी दौरे बंद केले. लोकांनी बँड फुटला अशा वावड्या उठवल्या.

२४ नोव्हेंबर १९६६ ला ते पुन्हा स्टुडिओत जमले, आणि २१ एप्रिल १९६७ ला शेवटची करामत करून थांबले. सुमारे ७०० तास लागले असा हिशेब सांगितला जातो, खर्च २५,००० पौंड. पहिल्या अल्बमला ४०० पौंड लागले होते. रिंगो स्टार नंतर गमतीनं सांगत असे की त्या काळात तो बुद्धिबळ शिकला, कारण ढोलवाल्याला तासन् तास बसूनच राहावं लागे.

इतका वेळ कशात गेला, हे समजायला थोडं यंत्राकडे पाहावं लागेल. तंत्रज्ञांनी आम्हाला क्षमा करावी. त्यांच्याकडचं यंत्र चार ट्रॅकचं होतं. एक इंचाची फीत, तिच्यावर चार समांतर पट्टे. एका पट्ट्यावर ढोल, दुसऱ्यावर गिटार, तिसऱ्यावर आवाज असं भरत गेलं की चार लगेच संपतात. मग काय करायचं? ते चारही एकत्र मिसळून दुसऱ्या यंत्राच्या फितीवर एका-दोन पट्ट्यांत उतरवायचे, की बाकीचे पुन्हा रिकामे. पण यात एक मेख आहे. एकदा मिसळलेलं पुन्हा वेगळं होत नाही. ढोल जरा मोठा झाला असेल तर तो कायमचा मोठा. शिवाय दर उतरवणीत फितीची खरखर वाढते. म्हणजे दर रात्री काही तरी कायमचं ठरवून टाकायचं. आजच्या मुलांना, ज्यांच्या संगणकात शंभर पट्टे असतात आणि सगळं परत फिरवता येतं, त्यांना या ठरवण्यातली जोखीम समजावून सांगणं अवघड जातं.

आता आमची जित्याची खोड. न्यायशास्त्रात कार्याची तीन कारणं सांगतात. वस्त्राचं उदाहरण घ्या. तंतू हे समवायी कारण, त्या तंतूंचा एकमेकांशी संयोग हे असमवायी कारण, आणि विणकर, माग वगैरे निमित्त कारण. मैफलीत हा संयोग तुमच्यासमोर, तुमच्या कानात घडतो. तबला आणि गळा समेवर भेटतात ते त्या क्षणी, आणि तुम्ही साक्षीला असता. ‘सार्जंट पेपर’मध्ये तंतू आज कातले, संयोग तीन आठवड्यांनी झाला, आणि तो वादकांनी केलाच नाही. तो केला निर्माता जॉर्ज मार्टिन यांनी आणि जेमतेम एकविशीचा ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यानं. आमच्या मते या अल्बमचा खरा इतिहास म्हणजे असमवायी कारणाचा इतिहास आहे.

नुसतं शास्त्र नको, उदाहरण घेऊ. पहिलंच गाणं होतं ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’. लेनननं ते दोन तऱ्हांनी मुद्रित करून घेतलं, एक हलकं, एक ट्रम्पेट-चेलोंसह दणकट. मग म्हणाला, पहिल्याची सुरुवात आवडते, दुसऱ्याचा शेवट, जोडून द्या. मार्टिन म्हणाले, दोन्हींची पट्टी वेगळी, लय वेगळी. लेननचं उत्तर साधारण असं की तुम्ही कराल काही तरी! आणि झालं काय, की एका फितीचा वेग थोडा वाढवला, दुसरीचा थोडा कमी केला, तेव्हा लय आणि पट्टी दोन्ही जुळल्या. फीत तिरकी कापली आणि चिकटवली. गाणं सुरू झाल्यावर बरोबर एक मिनिटाच्या आसपास तो सांधा आहे. गंमत अशी की इतका खटाटोप केलेलं हे गाणं अल्बमवर नाहीच. कंपनीला घाईनं एकेरी तबकडी हवी होती, म्हणून फेब्रुवारी १९६७ मध्ये ते ‘पेनी लेन’बरोबर काढून दिलं. मार्टिन पुढे म्हणायचे, आपल्या कारकिर्दीतली ती सगळ्यांत मोठी चूक.

सर्कशीचं गाणं आहे ‘मिस्टर काइट’. लेनननं एका जुन्यापान्या वस्तूंच्या दुकानातून १८४३ सालचं सर्कशीचं भित्तिपत्रक विकत घेतलं होतं. त्याच्यावरचाच मजकूर जवळजवळ उचलून गाणं रचलं. त्याला लाकडाच्या भुशाचा वास यायला हवा होता. मार्टिननी वाफेच्या बाजाच्या जुन्या फिती मिळवल्या, त्यांचे तुकडे करायला लावले, ते हवेत उडवले, आणि पडतील तसे जोडले. आमच्या एका विद्यार्थिनीनं हे ऐकून विचारलं होतं, सर, मग कर्ता कोण, मार्टिन की गुरुत्वाकर्षण? आम्ही उत्तर दिलं नाही, चहा मागवला.

आणि ‘अ डे इन द लाइफ’. जानेवारीत मुद्रण सुरू झालं तेव्हा गाण्याच्या मधोमध २४ मापांची पोकळी ठेवली होती. काय भरायचं ते ठरलेलं नव्हतं! त्यांचा मदतनीस मॅल एव्हन्स मापं मोठ्यानं मोजत गेला आणि शेवटी गजराचं घड्याळ वाजवलं. १० फेब्रुवारीला वाद्यवृंदातले ४० कलावंत बोलावले. त्यांना सांगितलं, वाद्यातल्या सगळ्यांत खालच्या सुरापासून निघा, चोविसाव्या मापाला सगळ्यांत वरती पोचा, आणि शेजाऱ्याचं ऐकू नका. जन्मभर ज्यांना शेजाऱ्याचं ऐकायला शिकवलं त्यांना! वर पार्टीसारखं वातावरण हवं म्हणून कुणाला विदूषकाचं लाल नाक, कुणाच्या हाताला गोरिलाचा पंजा. तो कल्लोळ चार वेळा घेऊन एकावर एक चढवला. शेवटचा पियानोचा स्वरगुच्छ २२ फेब्रुवारीचा. एकाच वेळी पियानोंवर हात पडले, आणि आवाज विरत गेला तसतसा एमरिक मायक्रोफोनची पातळी वाढवत गेला. चाळीस सेकंदांहून अधिक काळ तो टिकतो. अगदी शेवटी, चांगल्या यंत्रावर ऐकलंत तर, खुर्ची कुरकुरल्यासारखा बारीकसा आवाज येतो. आम्हाला तो कुरकुराट फार प्रिय आहे. सातशे तासांच्या कारागिरीत तेवढी एक मैफल उरली.

आता ज्यासाठी आम्ही हा विषय घेतला तिथे येऊ.

सप्टेंबर १९६६ मध्ये जॉर्ज हॅरिसन मुंबईत आला, ताजमध्ये उतरला. पंडित रविशंकरांकडे सतार शिकायला. गर्दीनं पिच्छा पुरवला म्हणून पुढे काश्मीरला गेले. परत गेल्यावर त्यानं या अल्बमसाठी रचलं ‘विदिन यू विदाउट यू’. खमाजाच्या वळणाचे सूर, आणि मधल्या वादनाच्या भागात दहा मात्रांचा झपतालासारखा हिशेब. इतर तीन बीटल्सपैकी एकानंही त्यात काही वाजवलेलं नाही. १५ मार्च १९६७ ला स्टुडिओत गालिचा अंथरला गेला आणि लंडनमधले भारतीय वादक येऊन बसले. ते आले होते एशियन म्युझिक सर्कल या संस्थेच्या ओळखीतून. ती चालवत मूळचे कर्नाटकातले अयन अंगडी आणि त्यांच्या पत्नी पॅट्रिशिया. ३ एप्रिलला वर आठ व्हायोलिनं आणि तीन चेलो चढवले. मार्टिनना खरी झुंज इथे द्यावी लागली. दिलरुब्याची मींड कागदावर लिहायची कशी? इंग्रज वादकाला सूर म्हणजे ठिपका. आपल्याकडे सूर म्हणजे वाट. हॅरिसननं मध्ये बसून ते घसरणं समजावलं, आणि त्या अकरा जणांनी ते निभावलं. ऐका तुम्ही, व्हायोलिन दिलरुब्याच्या मागोमाग चालतंय असं वाटतं.

हे वादक कोण? वेष्टनावर पाहा. चित्र पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ यांनी मांडलं हे छापलंय. छायाचित्र मायकल कूपरचं. मेणाचे पुतळे मादाम तुसाँचे, हेसुद्धा छापलंय! दिलरुबा कुणाचा, तबला कुणाचा, याबद्दल अक्षर नाही. त्याच वेष्टनावर गांधीजींचं चित्र असायचं होतं. ईएमआयचे प्रमुख सर जोसेफ लॉकवूड यांनी ते काढायला लावलं, भारतातला बाजार बिथरेल म्हणून. म्हणजे आमच्या भावनांची काळजी होती, दमदमच्या कारखान्यात तबकड्या निघायच्या होत्या ना! वादकांच्या नावांची नव्हती.

मात्र इथे आपण तावातावानं उठू नये. इंग्रज वाद्यवृंदातल्या चाळीस जणांचीही नावं नाहीत. ‘शीज लीव्हिंग होम’मध्ये हार्प वाजवणाऱ्या शीला ब्रॉमबर्ग यांचं नाही. भाड्यानं आलेला वादक निनावी, ही त्या धंद्याची रीत होती. फक्त कातडीचा रंग हे उत्तर पुरत नाही. पण रीत म्हणून सोडूनही देता येत नाही. कारण आदल्याच वर्षी ‘रिव्हॉल्व्हर’च्या वेष्टनावर ‘लव्ह यू टू’चे तबलावादक अनिल भागवत यांचं नाव स्वच्छ छापलेलं आहे. छापता येत होतं. या वेळी छापलं नाही.

आम्ही याकडे वेगळ्या बाजूनं पाहतो. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा माणूस कलकत्त्याला आला आणि त्यानं गौहरजान यांचं गाणं मुद्रित केलं. गाणं संपलं की त्या इंग्रजीत स्वतःचं नाव मोठ्यानं सांगत, कारण तबकडी छापली जाणार जर्मनीत हॅनोवरला, आणि तिथल्या माणसाला चिठ्ठी कुणाच्या नावाची लावायची ते कळावं. नाव नादाच्या आतच कोरलेलं. त्याच ग्रामोफोन कंपनीतून १९३१ मध्ये ईएमआय झाली. गौहरजान यांच्या तबकडीत गाणं आणि गाणारी एकाच वेळी एकाच खोलीत होती. ‘पेपर’मध्ये तंतू विखुरले आणि जोडणारा मोठा झाला. जोडणाऱ्याचं नाव राहिलं, कातणाऱ्याचं गळालं.

अल्बमला पन्नास वर्षं होत आली तेव्हा लिव्हरपूलमध्ये ही नावं हुडकून काढण्यात आली. दिलरुब्यावर अण्णा जोशी आणि अमृत गज्जर. तंबोऱ्यावर बुद्धदेव कंसारा. तबल्यावर नटवर सोनी. जोशी म्हटल्यावर मागच्या रांगेत जरा चुळबुळ झाली, आमच्या लक्षात आलंय. जोशी गुजरातेतही पुष्कळ आहेत, तेव्हा घाईनं पुण्याला पेढे वाटू नका.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. बोलणं इथे थांबवतो आणि तबकडी लावतो. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं, पाच मिनिटांचं आहे. तंबोऱ्याच्या नादातून सुरुवातीलाच जे गजाचं वाद्य वर येतं, तो दिलरुबा. मागचा पंखा कुणी तरी बंद करा.