थळघाट आणि चाकांची घसरण

नाशिकहून मुंबईस जातांना इगतपुरी मागें पडली कीं सह्याद्रीचा कडा एकाएकीं खालीं उतरूं लागतो. हाच थळघाट, आजच्या बोलण्यांत कसारा घाट. येथें चढणाऱ्याला बळ लागतें आणि उतरणाऱ्याला संयम. वाहन चालविण्यापेक्षां तें थांबविणें कठीण, हें सत्य ज्या स्थळांनीं महाराष्ट्राला शिकविलें, त्यांत या घाटाची गणना करावी लागेल. आजच्या मोटारींत चालकासमोर पेटणाऱ्या एका लहानशा पिवळ्या दिव्याचा अर्थ नीट कळावयाचा असेल, तर त्याची कुळकथा येथून पाहणें सोयीचें आहे.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग १८६१ सालीं कसाऱ्यापर्यंत आला. पुढचा सुमारे सवानऊ मैलांचा घाट ओलांडून इगतपुरी गांठण्यास १८६५ साल उजाडलें. एवढ्या अंतरांत मार्ग ९७२ फूट चढतो. सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांस १ फूट असा आहे. लोखंडी रुळावर लोखंडी चाकाची पकड मुळांतच थोडी, त्यांत सह्याद्रीचा पाऊस. चढतांना जोर अधिक झाला कीं इंजिनाचें चाक जागच्या जागीं गरगर फिरे. उतरतांना ब्रेक प्रमाणाबाहेर आवळला कीं चाक अडे. पण चाक अडलें म्हणून गाडी थांबत नसे, ती रुळावरून घसरत जाई आणि अडलेलें चाक एकाच जागीं घासून चपटें होई. यावर रुळावर वाळू सोडणें आणि अडलेलें चाक ब्रेक सैल करून पुन्हां फिरूं देणें, हे इंजिनवाल्यांचे उपाय होते. १९३० च्या सुमारास घाटांत विजेचीं इंजिनें आलीं. उतारावर त्यांच्या मोटारीच वीज उत्पन्न करून ती तारेंत परत पाठवीत. त्यामुळें चाक न अडवितां वेग आवरतां येऊं लागला.

या सर्व खटाटोपाचें सार एका वाक्यांत सांगतां येतें: फिरतें चाक जमिनीला धरून राहतें, अडलेलें चाक जमीन सोडून देतें. मोटारीच्या बाबतींत यांत आणखी एका संकटाची भर पडते. पुढचीं चाकें अडलीं कीं सुकाणूचें चक्र कितीही वळविलें तरी गाडी सरळच घसरत जाते. घाटांतील वळणावर याचा परिणाम काय होईल, हें सांगावयास नको.

म्हणून जुने चालक ओल्या रस्त्यावर ब्रेक एकदम न दाबतां दाबीत आणि सोडीत. पायाचें हें कसब यंत्राकडे सोंपविण्याचा प्रयत्न विमानांपासून सुरू झाला. १९५० च्या दशकांत डनलॉप कंपनीचें मॅक्सारेट नांवाचें यंत्र विमानांच्या चाकांवर आलें. १९६६ सालीं तें जेन्सन एफ. एफ. या इंग्रजी मोटारींत बसविण्यांत आलें. १९७८ सालीं बॉश कंपनीची विजेच्या गणकावर चालणारी योजना मर्सिडीझ गाडींत आली, आणि पुढील दशकांत चाकाची फुकट गरगर रोखणारी ‘ट्रॅक्शन कंट्रोल’ ही तिची धाकटी बहीण जन्मास आली. भारतांत मोटारींच्या नव्या नमुन्यांना एप्रिल २०१८ पासून आणि सर्व नव्या मोटारींना एप्रिल २०१९ पासून अँटि-लॉक ब्रेक सक्तीचे झाले.

योजना अशी: प्रत्येक चाकाजवळ त्याचा वेग मोजणारा एक संवेदक असतो. गणक चारी चाकांचे वेग ताडून पाहतो. ब्रेक दाबला असतां एखादें चाक अडूं लागलें कीं त्या चाकाचा दाब तो क्षणभर उतरवितो व पुन्हां चढवितो. हें एका सेकंदांत अनेक वेळां घडतें. जोरानें निघतांना एखादें चाक फुकट फिरूं लागलें, तर तोच गणक इंजिनाचा जोर कमी करतो किंवा त्या चाकाला ब्रेक लावतो. दोघी बहिणी त्याच संवेदकांवर विसंबून असल्यामुळें एक बिघडली कीं दोघींचे दिवे बहुधा जोडीनें पेटतात.

गाडी सुरू करतांना हे दिवे पेटून कांहीं क्षणांत विझणें ही यंत्राची स्वतःची तपासणी होय. ट्रॅक्शनचा दिवा लुकलुकला तर योजना काम करीत आहे असें समजावें. अँटि-लॉकचा पिवळा दिवा पेटून राहिला तर साधा ब्रेक बहुधा शाबूत असतो, राखणदार मात्र निजलेला असतो. ब्रेकचा तांबडा दिवा पेटला आणि हातब्रेक सोडूनही विझला नाहीं, तर गाडी पुढें नेऊं नये.

दुरुस्तींत घाईनें महाग भाग बदलणें हा तोट्याचा मार्ग. प्रथम तपासणी-यंत्र जोडून गणकानें नोंदलेला दोष-क्रमांक वाचावा. पण तो क्रमांक बहुधा चाक दाखवितो, कारण दाखवीत नाहीं. तें चाकापाशीं जाऊनच शोधावें लागतें. संवेदकावर लोखंडी कीस किंवा चिखल बसलेला असतो. तार तुटलेली किंवा जोड गंजलेला असतो. दातेरी कडें तडकलेलें असतें. चाकाचें बेअरिंग सैल झालेलें असतें. एक टायर इतरांहून निराळ्या मापाचा असतो. कधीं बॅटरीच दुबळी असते. संशयित चाकाचें माप समोरच्या निरोगी चाकाशीं ताडून पाहिलें तर उलगडा लवकर होतो. इगतपुरीसारख्या, वर्षाला ३,००० मिलिमीटरांहून अधिक पावसाच्या मुलखांत चिखल आणि गंज यांची शंका आधीं घेणें शहाणपणाचें.

दिवा विझला तरी एक मर्यादा उरतेच. ही योजना चाक अडूं देत नाहीं. पण लांब उतारावर सतत दाबून तापलेला ब्रेक ती थंड करूं शकत नाहीं. त्यासाठीं खालचा गिअर आणि मंद वेग हेच उपाय. घाटांतील लोहमार्गावर आवरेनाशी झालेली गाडी चढावर नेऊन थांबविणारे आडमार्ग बांधून ठेवलेले असतात. डांबरी रस्त्याच्या प्रत्येक वळणावर तशी सोय नसते. तेथें पिवळ्या दिव्याची सूचना घाट सुरू होण्यापूर्वींच ऐकावी लागते.